आईची किडनी, दोन वर्षं झाली. आता गोळ्या कमी केल्या तर?

चोपडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पती ३४ वर्षांचे. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी मुंबईत त्यांचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी त्यांच्या आईची. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, १.२ वर स्थिर आहे, माणूस शेतात जातो, मोटरसायकल चालवतो. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस दीड मिलिग्रॅम आणि मायकोफेनोलेट ५०० मिलिग्रॅम, शिवाय सकाळी प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, असं लिहून दिलेलं आहे. पण गेले दोन महिने संध्याकाळचा टॅक्रोलिमस ते एक दिवसाआडच घेतात. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. एक कारण खर्च, दुसरं सासऱ्यांचं म्हणणं: "कलम लागी गय, आते गोया कसाले?" (कलम लागलं, आता गोळ्या कशाला?) जोडीला गुळवेलीचा काढा सुरू आहे. ताई विचारतात, "सख्ख्या आईची किडनी, दोन वर्षं काही त्रास नाही, म्हणजे शरीरानं ती आपली मानली असंच ना? मग गोळ्या कधी सुटतील? आणि मानली नसेल, तर रिपोर्ट चांगला कसा येतो?"

ताई, आधी करायचं काय ते. आज रात्रीपासून लिहून दिलेला पूर्ण डोस ठरल्या वेळी सुरू करा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकही जास्तीची द्यायची नाही. काढा आजच बंद. आणि ट्रान्सप्लांट सेंटरच्या कोऑर्डिनेटरला लगेच फोन करून दोन महिन्यांत काय झालं ते जसंच्या तसं सांगा. रागावतील म्हणून हे लपवू नका. लपवलं तर पुढे असं होतं: तपासणीत टॅक्रोलिमसची पातळी कमी येते, डॉक्टरांना वाटतं दीड मिलिग्रॅम पुरत नाही, ते डोस वाढवतात. घाबरलेला पेशंट आता तो वाढलेला डोस नेमानं घेतो आणि पातळी गरजेपेक्षा वर जाते. हात थरथरतात, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि क्रिएटिनिन चढतं. हे चढणं औषधामुळे की रिजेक्शनमुळे, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय म्हणून, ते नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून कळत नाही. मग बायोप्सी करावी लागते. एका खऱ्या वाक्यानं हे सगळं टळतं.

आता "सख्ख्या आईची" या मुद्द्याकडे. पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं, त्यांना एचएलए म्हणतात. ऑपरेशनच्या फाइलमध्ये एचएलए टायपिंगचा एक कागद असेल, तो काढून समोर धरा. ए, बी आणि डीआर अशा तीन ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत माणसागणिक दोन आकडे. समजा ए च्या ओळीत तुमच्या पतींपुढे २ आणि २४ लिहिलंय, आणि आईपुढे २४ आणि ३३. यातला २४ आईकडून आला, २ वडिलांकडून. आईचा ३३ मुलाला मिळालाच नाही. बी आणि डीआर मध्येही बहुधा हेच दिसेल, एक जुळतो, एक जुळत नाही. या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि गठ्ठ्यानंच पुढच्या पिढीत जातात, म्हणून आई आणि मूल नेहमी अर्धे जुळतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याची चारात एक. म्हणजे सासूबाईंची किडनी मायेनं पूर्ण आपली असली तरी कागदावर निम्मी परकी आहे.

नऊ महिने पोटात वाढवलं, तेव्हा कसं चाललं, असंही घरात कोणी विचारेल. तेव्हा आईच्या शरीरानं बाळ सहन केलं होतं, वारेपुरती आणि तेवढ्या काळापुरती तशी सोय असते. इथे उलटं आहे, मुलाच्या शरीराला आईचा अवयव सहन करायचा आहे. त्या जुन्या सोयीवर विसंबून औषध सोडता येईल इतकी ती भरवशाची नाही.

पूर्ण जुळणं कसं असतं ते तुमच्या भागात रोज दिसतं. टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं एकाच मातृरोपापासून केलेली असतात, सगळी एकमेकांची प्रत. माणसात एकसारखी जुळी भावंडं तशी. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते अशाच जुळ्या भावांमध्ये, रोनाल्ड हेरिकची किडनी रिचर्डला. आजची औषधं तेव्हा नव्हतीच, तरी रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. शरीराला ती किडनी परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. तुमच्या घरात तसं नाही.

परकं ओळखण्याचं मुख्य काम टी पेशींचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. त्या जन्मतात हाडांच्या मगजात आणि घडतात छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. तिथली निवड फार कडक. स्वतःच्याच एचएलएवर जोरानं उठणारी पेशी तिथेच मारली जाते, तो अजिबात न ओळखणारीही मरते. शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त पेशी बाहेर पडतच नाहीत. पण तुमच्या पतींच्या टी पेशींची ही पारख झाली ती त्यांच्या स्वतःच्या २ आणि २४ वर. ३३ वर उठणाऱ्या पेशी तिथे गाळल्याच गेल्या नाहीत. म्हणून प्रत्यारोपणात टी पेशी इतक्या मोठ्या संख्येनं उठतात. एखाद्या विषाणूचा ठरावीक तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी असते, तर परक्या एचएलएवर उठणाऱ्या पेशी शंभरात एक ते दहा असू शकतात. त्यातल्या काही तर लहानपणीच्या एखाद्या विषाणूशी लढून तयार झालेल्या जुन्या, अनुभवी पेशी असतात. योगायोगानं त्यांना परका एचएलए त्या विषाणूसारखाच वाटतो. अशा पेशी फारशी वाट पाहत नाहीत.

अशी पेशी पेटायला तीन गोष्टी लागतात. परका एचएलए दिसणं ही पहिली. शेजारच्या पेशीकडून सीडी-२८ या कडीवर "हो, खरंच धोका आहे" असा दुजोरा मिळणं ही दुसरी. आणि वाढीची सूचना देणारं इंटरल्युकिन-२ हे द्रव्य, ही तिसरी. टॅक्रोलिमस पेशीच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवतो, त्यामुळे पहिला निरोप इंटरल्युकिन-२ पर्यंत पोचत नाही. मायकोफेनोलेट पेशींना दुणावू देत नाही. प्रेडनिसोलोन एकूण दाह खाली ठेवतं. इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा: टॅक्रोलिमस टी पेशीला मारत नाही आणि तिची ओळखही पुसत नाही. तो आतला एक टप्पा अडवून धरतो, तेही रक्तात पुरेसा असेपर्यंतच.

म्हणून गोळी बारा-बारा तासांनी असते. रक्तातला टॅक्रोलिमस साधारण बारा तासांत निम्मा होतो (माणसागणिक यात फरक पडतो). सकाळच्या गोळीआधी पातळी ६ येत असेल, तर रात्रीची गोळी चुकल्यावर दुसऱ्या सकाळी ती ३ च्या आसपास उतरते. दोन महिन्यांत अशा तीस रात्री गेल्या. पेटलेली टी पेशी दिवसातून दोनदा जरी दुणावली तरी पाच दिवसांत एकीच्या हजार होतात.

मग रिपोर्ट चांगला कसा? क्रिएटिनिन हा आकडा उशिरा बोलतो. किडनीत राखीव ताकद बरीच असते. टी पेशी नलिकांच्या भिंतींत शिरलेल्या बायोप्सीत दिसतात आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन नेहमीचंच असतं, असं घडतं. दुसरा प्रकार आणखी गुपचूप चालतो. मदतनीस टी पेशी, म्हणजे सीडी-४, बी पेशींना उठवतात, त्या आईच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतात आणि त्या किडनीच्या केशवाहिन्यांना महिनोन् महिने, वर्षानुवर्षं कुरतडत राहतात. टी पेशींचं रिजेक्शन वेळेत सापडलं तर मिथाइलप्रेडनिसोलोनची इंजेक्शनं, बहुतेक ठिकाणी ५०० मिलिग्रॅम रोज तीन दिवस, देऊन बऱ्याचदा आटोक्यात येतं. अँटिबॉडीचं तसं नाही. प्लाझ्माफेरेसिस (रक्तातल्या अँटिबॉडी यंत्रानं काढणं), इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं असा मोठा खर्च करूनही गेलेलं पुरतं परत येत नाही. आणि अँटिबॉडी तयार करणाऱ्या पक्क्या झालेल्या पेशींवर टॅक्रोलिमस चालत नाही. गोळ्या चुकवल्यानं होणारं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. पुढे दुसऱ्या किडनीची वेळ आली तर याच अँटिबॉडी जुळणारा दाता मिळू देत नाहीत.

"दोन वर्षं झाली" यात निम्मं खरं आहे, तेही सांगायला हवं. किडनीबरोबर आईच्या काही पांढऱ्या पेशीही आल्या होत्या, त्या थेट टी पेशींना भिडतात. सुरुवातीचा मोठा धोका त्यांचा, आणि काही महिन्यांत त्या संपतात. म्हणून तर पहिल्या महिन्यांत डोस मोठा होता आणि डॉक्टरांनीच तो उतरवत दीडवर आणला. पण दुसरी वाट बंद होत नाही. किडनीच्या पेशी झिजतात, त्यांचे तुकडे तुमच्या पतींच्याच पेशी उचलतात आणि टी पेशींना दाखवतात. किडनी आत आहे तोवर हे रोज चालणार. दीड मिलिग्रॅम हा उतरवून उतरवून ठेवलेला डोस आहे, त्यात आता घरच्या घरी कापण्याजोगं काही उरलेलं नाही.

सासऱ्यांना मात्र झिडकारू नका, त्यांचा दाखला विचार करून दिलेला आहे. आंब्याचं कलम जुळलं की पट्टी सोडतात, नाहीतर ती खोडाला काचते. पण झाडाच्या अंगात हिंडणाऱ्या टी पेशी नसतात. रायवळ खुंटावर केशर जुळला की तो प्रश्न तिथेच मिटतो. गोळी ही पट्टी नाही. त्यांना दादर ज्वारीच्या शेताचा दाखला द्या. कणसं भरली की माळ्यावर गोफण घेऊन राखण बसते. चार दिवस पाखरू फिरकलं नाही म्हणून कोणी राखण उठवत नाही, कारण ती आहे म्हणूनच पाखरं येत नाहीत.

गोळ्या कधीच सुटत नाहीत का? विज्ञान या प्रश्नामागे ७० वर्षं आहे. १९५३ मध्ये पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या न जन्मलेल्या पिलांना दुसऱ्या जातीच्या पेशी टोचल्या, आणि मोठेपणी त्या पिलांनी त्याच जातीच्या उंदराची कातडी परकी मानली नाही. यातूनच सहनशीलता हा शब्द या शास्त्रात रुजला. टी पेशींमध्येच इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशी असतात, हे शिमोन साकागुची यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना मेरी ब्रुंकाओ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं नोबेल मिळालं. बोस्टनमध्ये किडनी आणि त्याच दात्याचा मगज एकदम देऊन, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, अर्धे जुळणाऱ्या पाच जणांपैकी चौघांची औषधं बंद करता आली. आपल्या शेजारी अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या चमूनंही दात्याच्या पेशी देऊन औषधं कमी करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पण या उपचारांची तयारी ऑपरेशनच्या वेळेपासून असते, बोस्टनच्या पद्धतीत त्याआधी कडक औषधं आणि छातीवर किरणंही द्यावी लागतात. औषधं उतरवतात तेही बायोप्सी आणि रक्त तपासत, महिन्यांच्या अंतरानं. शिवाय त्यातल्याही काहींना पुढे गोळ्यांवर परत यावं लागलं. स्वतःहून गोळ्या सोडूनही किडनी टिकली असे लोक जगात आहेत, पण मोजके. आणि एखादा माणूस त्यातला आहे का, हे आधी खात्रीनं सांगणारी तपासणी आज कुठल्याच दवाखान्यात नाही. लिव्हरचं गणित वेगळं असतं, लिव्हर बदललेल्या काही निवडक पेशंटची औषधं देखरेखीखाली सुटतात. तसा दाखला कोणी दिला तर तो किडनीला लावू नका.

आता तपासण्या. क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीची साधी तपासणी आणि लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण उद्याच करा. टॅक्रोलिमसची पातळी पूर्ण गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे खरा आकडा कळेल. डॉक्टर आधी म्हणाले तर आधी. आईच्या एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, तिला डीएसए म्हणतात, डॉक्टरांकडे विचारून घ्या. ती आत्ता नसल्याचं आलं तरी तीनेक महिन्यांनी पुन्हा करायला हवी, कारण अँटिबॉडी दिसायला वेळ लागतो.

टॅक्रोलिमसच्या रक्ताबाबत एक चूक वारंवार होते. रात्रीची गोळी नऊला घेतली असेल तर रक्त सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान, सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. चोपड्याहून पहाटेची एसटी धरून जळगावला पोचेपर्यंत सवयीनं गोळी घेतली जाते आणि मग रक्त दिलं जातं. आकडा ११-१२ येतो, डोस कमी होतो, आणि किडनी उघड्यावर पडते. गोळी डबीत घालून सोबत न्या, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. फॉर्मवर शेवटच्या गोळीची वेळ लिहायला लावा. नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत जातो. दर वेळी लॅब तीच ठेवा, पद्धत बदलली की आकडाही हलतो. पहिल्या वर्षानंतर बऱ्याच ठिकाणी ५ ते ८ दरम्यान पातळी ठेवतात, पण तुमच्यासाठी तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला आकडाच खरा.

गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी, पण रोज एकाच पद्धतीनं. एक दिवस रिकाम्या पोटी आणि दुसऱ्या दिवशी तर्रीदार शेवभाजीवर घेतली तर पातळी वरखाली होते, आणि अशी सतत हलणारी पातळीही किडनीला बाधते. विसरलात आणि चार-पाच तासांत आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट कधीच नाही. मे महिन्यात पारा ४५ वर असताना गोळ्या मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नयेत. घरात सावलीच्या कपाटात, आणि कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडायची, तिला दमट हवा चालत नाही. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी बऱ्याचदा वाढते, वरून पाणी कमी पडतं. दोन दिवस थांबून पाहू असं न म्हणता सेंटरला कळवा.

खर्चाची अडचण खरी आहे, आणि ती डॉक्टरांपुढे ठेवायचीच गोष्ट आहे. स्वस्त जेनेरिक चालेल का, जनऔषधी केंद्रातलं चालेल का, हे विचारून एकदाच ठरवा आणि बदलल्यावर आठवड्यानं पातळी करा. नंतर दुकानदार "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दर महिन्याला नवीन पाकीट देत असेल तर घेऊ नका. दिवसातून एकदाची आणि दोनदाची टॅक्रोलिमस वेगळी असते, नाव सारखं दिसलं तरी. सेंटरच्या समाजसेवा विभागात ट्रस्टच्या मदतीची चौकशी करा. काही डॉक्टर डिल्टियाझेम नावाची बीपीची गोळी मुद्दाम जोडतात. तिच्यामुळे टॅक्रोलिमस कमी लागतो. तुमच्या यादीत ती असेल तर गावातल्या दवाखान्यात बीपीसाठी ती बदलू देऊ नका, बदलली की पातळी खाली येते.

तशीच बाकीची औषधं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल पातळी चढवतात. क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन ती जोरात पाडतात. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन नाही, पॅरासिटामॉल चालतं. पपनस खाऊ नये. गुळवेल लोक प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतात, आणि तुमच्या पतींच्या बाबतीत तीच आवरून ठेवायची आहे. भस्मांत जड धातू असू शकतात, तीही नकोत. घरची केळी आहेत म्हणून रोज चार-पाच खाणं थांबवा. टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम साठतं. उद्याच्या रिपोर्टमधला आकडा दाखवून किती चालतील ते ठरवा.

क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झालं, लघवी कमी झाली, दोन दिवसांत वजन किलोभर वाढलं, पाय सुजले, ताप आला किंवा नव्या किडनीच्या जागी, ओटीपोटाच्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी फोन. बायोप्सी सांगितली तर घाबरू नका. ही किडनी कातडीखाली जवळच असते, जागा बधिर करून सुईनं तुकडा घेतात आणि काही तास पडून राहायला लावतात.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलं नाही. त्यांनाही आता एकच किडनी आहे. वर्षातून एकदा त्यांचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या त्यांनाही दुकानातून परस्पर आणून देऊ नका.